जड चाकांचा हिशेब

इंदूरहून खंडव्याकडे निघालं की तेजाजी नगर मागे पडतं, मग सिमरोल येतं, आणि सिमरोल सुटलं की माळव्याचं पठार संपून भेरूघाट लागतो. रावेर-बुऱ्हाणपूरची केळी याच रस्त्याने वर इंदूरला चढतात, माळव्याचा बटाटा आणि लसूण याच रस्त्याने खाली खानदेशात उतरतो. या रस्त्याच्या कडेला टायर आणि चाकांचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे फक्त ट्रकवाले. आता पिकअप ट्रकला रुंद टायर आणि जाड अलॉय चढवून घेणारी तरुण मुलंही येतात. त्यांच्यातल्या काहींना चारशे मीटरच्या ड्रॅगमध्ये गाडी पळवायची असते.

प्रश्न दोघांचाही एकच असतो. ट्रकवाला रिमला डिस्क म्हणतो. तो विचारतो, "काका, जड डिस्क टाकली तर गाडी घाटात मरेल का?" मुलगा विचारतो, "काका, या चाकांनी टायमिंग किती जाईल?" बाजारात याचं एक ठरलेलं उत्तर फिरतं: चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीवरचे दहा किलो. या उत्तराने लोकांचे खूप पैसे चुकीच्या जागी गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

१. एका किलोचे फार तर दोन होतात, दहा कधीच नाही.

चाक एकाच वेळी दोन कामं करतं. गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतं. गाडी उचलताना इंजिनाला या दोन्ही कामांसाठी जोर द्यावा लागतो. टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा आसाभोवती नेमका गाडीच्या वेगानेच फिरत असतो, त्यामुळे त्या पट्ट्यातल्या एका किलोला पुढे न्यायला जेवढी शक्ती लागते, तेवढीच त्याला फिरवायलाही लागते. म्हणजे त्याचे दोन किलो झाले. आसाजवळच्या हबमध्ये एक किलो वाढला तर तो जवळपास एकच राहतो. टायरच्या बाहेरच्या कडेपलीकडे चाकाचा भागच नसल्यामुळे दोनाच्या वर आकडा जायला जागाच नाही.

सिमरोलहून महूवरून पुढे पिथमपूरला गेलं की नॅट्रॅक्स लागतं, गाड्यांच्या चाचणीची सरकारी संस्था. गाड्यांच्या चाचण्यांमध्ये एक चाचणी अशी असते की गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची आणि ती कशी मंदावते ते मोजायचं. त्या हिशेबात फिरणाऱ्या भागांसाठी गाडीच्या वजनाच्या साधारण ३ टक्के जास्तीचे धरायची रीत आहे. दोन टनांच्या गाडीला हे झाले ६० किलो, आणि तेही चारही चाकांचं सगळं फिरणं धरून. मूळ चाकांच्या फिरण्याचा भारच एवढासा असेल, तर त्यात थोडी भर पडून गाडी एकदम मेल्यासारखी होईल, हे पटण्यासारखं नाही.

मग दहाचा आकडा आला कुठून? स्प्रिंगखालचं वजन ही एक वेगळी बाब आहे. खड्ड्यात चाक किती उडतं, टायर रस्ता किती धरून ठेवतो, आत बसणाऱ्याला किती दणके बसतात, हे सगळं त्या वजनावर ठरतं आणि तिथे जड चाक खरोखर महागात पडतं. ती गोष्ट लोकांनी उचलून गाडीच्या पिकअपला चिकटवली आहे.

२. किती वजन वाढलं याच्या आधी कुठे वाढलं ते पाहा.

कुणाला पटत नसेल तर मी गाडीचं पुढचं चाक जॅकवर घेतो आणि हाताने फिरवायला सांगतो. मग त्याच जागी जाड गोट्यांचा ऑफरोड टायर लावून पुन्हा फिरवायला सांगतो. तो फिरवायला हात जास्त वेळ लावावा लागतो, थांबवायलाही लागतो. मग त्याच मूळ टायरमध्ये नुसती रिम जड घालून पाहिली, तर हाताला फरक जेमतेम कळतो.

आकड्यांत मांडतो. समजा प्रत्येक चाकामागे ८ किलो वाढले, त्यात ३ किलो रिमचे आणि ५ किलो टायरचे. रिमचं वजन आसापासून टायरच्या निम्म्याहून थोड्या जास्त अंतरावर असतं, आणि हिशेबात अंतराचा वर्ग येतो, म्हणून रिमचे ३ किलो साधारण ४ किलोंसारखे वागतात. टायरचे ५ किलो मात्र बाहेरच्या कडेला, म्हणून ते ९ होतात. एका चाकामागे १३, चार चाकांचे ५२ किलो. काट्यावर वाढलेले ३२ किलो इंजिनाला ५२ वाटतात. या ५२ मधले ३६ टायरने आणलेले आहेत.

तरीही माझ्याकडे येणारा प्रत्येक जण रिमबद्दल विचारतो. हलकी अलॉय घेण्यासाठी मोठी रक्कम मोजायची तयारी असते आणि तिच्यावर चढणाऱ्या टायरचं वजन त्याला ठाऊकही नसतं. दुकानातला वजनकाटा हे मी चाकाच्या धंद्यातलं पहिलं साधन मानतो, बॅलन्सिंग मशीनच्याही आधी. रिम वेगळी तोलायची, टायर वेगळा तोलायचा, दोन्ही आकडे गिऱ्हाइकाला लिहून द्यायचे.

३. ड्रॅगमध्ये हे ५२ किलो सेकंदाचा एक लहानसा तुकडा खातात.

ड्रॅगचं अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. जुना, बऱ्यापैकी खरा ठरणारा ठोकताळा असा आहे की वजन ३ टक्के वाढलं तर वेळ १ टक्का वाढते. ड्रायव्हर आणि डिझेल धरून गाडी २२०० किलोंची असेल तर ५२ किलो म्हणजे २.४ टक्के. वेळ वाढणार ०.८ टक्के. अशी डिझेल पिकअप १८ सेकंदांत अंतर कापत असेल तर फरक पडला ०.१४ सेकंदाचा.

हा फरक क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १२० किलोमीटरने जात असेल तर ०.१४ सेकंदात ती पावणेपाच मीटर जाते, म्हणजे जवळजवळ एका गाडीची लांबी. तेवढ्यात शर्यत जाते. पण चाकं बदलल्यापासून गाडी दोन सेकंदांनी मागे पडली, असं कुणी सांगितलं तर ते दोन सेकंद वजनाने घेतलेले नाहीत. ते दुसरीकडे शोधावे लागतात.

एक आणखी सांगतो, कारण मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन पंधरा-सोळा फेरे घेतं. इंजिनाच्या फ्लायव्हीलचा भार तेव्हा या आकड्याच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे पटीने, गाडीला जाणवतो. सुरुवातीच्या त्या क्षणी इंजिनाच्या जोराचा बराच मोठा वाटा स्वतःलाच फिरवण्यात जातो. त्या मानाने चाकांवर वाढलेले किलो थोडेच.

४. खरा घाव घालतो तो व्यास.

जड चाक बहुधा मोठंही असतं, आणि दोष मात्र वजनावर जातो. २६५/६० आर१८ टायरचा व्यास ७७५ मिलिमीटर. त्याच रिमवर २८५/६५ आर१८ चढवला की व्यास ८२८ च्या आसपास जातो, जवळपास ७ टक्के जास्त. म्हणजे प्रत्येक गिअर ७ टक्के उंच झाला. इंजिन तेच, गिअरबॉक्स तीच, पण पहिल्या गिअरमध्ये रस्त्याला मिळणारा जोर सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी झाला. वजनाने २.४ टक्क्यांचा भार घातला होता, व्यासाने त्याच्या अडीच पटीहून जास्त जोर काढून घेतला.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे रेल्वेवरून लवकर कळतं. महूहून पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातून खंडव्याला मीटरगेजची लाइन जायची. या घाटात चाळीसास एकचा चढ आहे. देशभरच्या मीटरगेजवर स्वातंत्र्यानंतर वाफेची दोन मुख्य इंजिनं चालली. प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी. बॉयलर दोघांचा एकाच जातीचा. वायपीची मुख्य चाकं साडेचार फुटांची, वायजीची चार फुटांची. पळायचं असेल तर मोठं चाक आणि ओढायचं असेल तर लहान, हे त्या इंजिनांच्या आराखड्यातच लिहिलेलं होतं.

म्हणून मोठा टायर हवाच असेल तर डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन त्याला साजेल अशा प्रमाणाचं घालावं लागतं. हे काम खर्चाचं आहे, आणि फोर बाय फोर गाडीत पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये करावं लागतं. मुलं इथे थांबतात, आणि त्यांनी थांबावं असं मलाही वाटतं. मूळ मापाचा टायर पिकअपला सर्वांत चांगला.

ड्रॅगमध्ये व्यासाचं नुकसान नेहमी पूर्ण दिसत नाही, हेही खरं. गिअर उंच झाल्यामुळे रेषेच्या आधीचा एखादा बदल वाचतो आणि हातगिअरच्या गाडीत तेवढा वेळ भरून निघतो. नुकसान दिसतं ते पहिल्या ६० फुटांत. शर्यतीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, टाइमस्लिपवर, हा आकडा वेगळा छापलेला असतो. आधी तोच वाचायचा.

५. स्पीडोमीटरवर वेळ मोजू नका.

"शून्य ते शंभर दीड सेकंदाने वाढलं" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, शंभर कशावर पाहिलं? गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं. टायर ७ टक्के मोठा झाला की मीटरवर १०० दिसत असताना गाडी त्याच मानाने जास्त, १०७ च्या आसपास जात असते. म्हणजे आधी शून्य ते शंभर मोजलं आणि आता शून्य ते एकशेसात. वेग वाढत जातो तशी गाडी आणखी हळू उचलते, त्यामुळे वरचे हे सात किलोमीटर सर्वांत महाग असतात. अकरा-बारा सेकंदांच्या गाडीत एवढ्याने दीड सेकंद सहज वाढतो. गाडीचं नुकसान त्यातलं थोडंच, बाकीची मोजण्याची गडबड. जीपीएसवर चालणारा टायमर वापरला की हा सगळा गोंधळ संपतो.

हीच चूक किलोमीटरच्या नोंदीतही शिरते. मीटर कमी किलोमीटर दाखवतं, ॲव्हरेज खराब निघतं, आणि पुन्हा चाकांच्या वजनाला शिव्या बसतात.

६. घाटात हिशेब उलटतो.

घाटात भरलेली गाडी एका वेगाने चढत असते. वेग वाढत नसेल तर चाकाला जास्त जोरात फिरवायचं नसतं, म्हणून त्याच्या फिरण्याचा भार शून्य. काट्यावरचे ३२ किलो तिथे ३२ च राहतात, त्यांचे ५२ होत नाहीत. वीसास एकच्या चढावर या ३२ किलोंना ओढायला जास्तीचा जोर लागतो फक्त दीड किलोच्या वजनाएवढा. याच २२०० किलोंच्या गाडीच्या टायरांचा नुसता लोळण्याचा विरोध, वजनाच्या एक ते दीड टक्का धरला तर, २२ ते ३३ किलोंचा. जाड गोट्यांच्या टायरने त्यात थोडीच वाढ केली तरी ती चाकाच्या वजनाच्या कितीतरी पुढे जाते. हवा कमी असेल तर आणखी.

म्हणून "घाटात उचलत नाही" म्हणणाऱ्या ट्रकवाल्याच्या टायरची मी आधी हवा पाहतो, मग टायरची जात, मग व्यास, आणि वजन सर्वांत शेवटी. व्यास मोठा असेल तर चढावर खालच्या गिअरला यावं लागतं, कोंडीत क्लचवर गाडी धरावी लागते आणि क्लचप्लेट जळते. भेरूघाटाच्या वळणांवर पुढे कंटेनर अडकलेला असताना हे काय असतं, ते या रस्त्याच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे.

७. दहा चाकी ट्रकला हलकी डिस्क घ्यायची ती मालासाठी.

साडेबावीस इंचांची लोखंडी डिस्क आणि ॲल्युमिनियमची डिस्क यांत एका चाकामागे पंधरा ते वीस किलोंचा फरक पडतो. दहा चाकांचे दीडशे-दोनशे किलो झाले. २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सल लोडची मर्यादा वाढवली तेव्हा तीन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन झालं. एवढ्या भरलेल्या गाडीत दोनशे किलो म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. गाडी उचलताना तो फरक कुणाला जाणवणार नाही. पण कायद्याच्या मर्यादेत राहून प्रत्येक खेपेला तीन-चार पोती माल जास्त जातो. केळीवाल्याला याचा हिशेब मी वहीत मांडून दाखवतो, आणि तो त्याला माझ्याआधीच कळलेला असतो.

ट्यूब, फ्लॅप आणि रिंग काढून ट्यूबलेस रेडियलवर येण्याचा फायदा याहून मोठा आहे. वजन तर कमी होतंच, शिवाय टायर कमी तापतो आणि कमी विरोधाने लोळतो. मागच्या जोडचाकांतले दोन्ही टायर मात्र सारख्या उंचीचे हवेत. एक उंच असेल तर तोच जास्त वजन घेतो आणि दुसरा रस्त्यावर घासत राहतो.

ट्रकच्या शर्यतीत गोष्ट वेगळी. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०१४ पासून टाटा प्रायमा ट्रकांच्या शर्यती झाल्या. युरोपातल्या ट्रक-शर्यतीत वेगाला १६० किलोमीटरची मर्यादा असते. वरचा वेग सगळ्यांचा सारखाच, म्हणून शर्यत ठरते ती वळणाआधी कोण उशिरा ब्रेक लावतो आणि वळणातून कोण लवकर उचलतो यावर. तिथे गाडीचा वेग सतत कमी-जास्त होत असतो, म्हणून टायरचा प्रत्येक किलो प्रत्येक वळणाला जवळपास दुप्पट भरावा लागतो. तिथे हलक्या चाकावर घातलेला पैसा मला पटतो.

८. आधी स्टेपनी उतरवा, मग पैसे खर्च करा.

पिकअपच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी तीस किलोंच्या आसपास असते. ड्रॅगच्या दिवशी ती, जॅक आणि मागचा हार्डटॉप उतरवला की जड चाकांनी घेतलेलं बहुतेक परत मिळतं, आणि तेही फुकट. साठ लिटर डिझेलचं वजन ५० किलो होतं, म्हणजे भरलेली टाकी आणि तळाला आलेली टाकी यांतला फरक आपल्या त्या ५२ किलोंएवढाच. म्हणून चाकांची तुलना करताना डिझेल सारखं, माणसं तेवढीच, हवा सारखी, दिवसाची वेळ सारखी असायला हवी. जुन्या चाकांवर काही फेऱ्या मारायच्या, मग नव्या चाकांवर, मग पुन्हा जुन्या. परत जुन्यांवर आल्यावर पहिल्यासारखी वेळ निघाली नाही तर मधल्या आकड्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. गिअर बदलण्यातल्या थोड्याशा चुकीने ०.१४ सेकंदाहून जास्त फरक पडतो.

रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. टर्बो भरला की मागचं चाक जागीच फिरतं. अशा गाडीला थोडा जड, पण चांगली पकड असलेला टायर पहिल्या ६० फुटांत उलट वेळ मिळवून देतो. माझ्या कामात हे मी स्पष्ट पाहिलं आहे, त्यामुळे पकड सोडून नुसतं वजन कमी करायला मी कुणाला सांगत नाही.

९. जो जोर उचलताना कमी पडतो, तो थांबतानाही कमी पडतो.

याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. फिरणारे ते ५२ किलो थांबवायचं काम ब्रेकला करावं लागतं. व्यास ७ टक्के वाढला की त्याच ब्रेकचा रस्त्यावर पोचणारा जोर तेवढ्याच मानाने घटतो. उतारावर इंजिनाची धरही तेवढीच सैल होते. भेरूघाट उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी आपोआप धरून राहायची, तीच आता ब्रेक मागायला लागते, आणि वळणामागून वळण ब्रेक तापत जातात. मोठी चाकं घालून गेलेल्या माणसाला मी सांगतो, घाटात पूर्वीपेक्षा एक गिअर खाली उतर, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून घ्यायला ये.

कायदाही पाहावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही. अपघातानंतर विम्याचा माणूस टायरचं मापही वाचतो. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतं. दुसऱ्या वेळी कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत जातो. खंडवा रोडवर रात्री गाड्या लावणाऱ्या मुलांना मी हे तोंडावर सांगतो. त्याच रस्त्याने ओंकारेश्वरला चालत जाणारे लोक असतात, दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे रीतसर कार्यक्रम झाले आहेत. तिथे हेल्मेट तपासतात, गाडी तपासतात, बाजूला रुग्णवाहिका उभी असते आणि टाइमस्लिप हातात मिळते. अशा जागी ज्याला गाडी पळवायची असेल, त्याची चाकं तोलून, बॅलन्स करून, प्रत्येक चाकाच्या आत खडूने वजन लिहून देण्याचे मी पैसे घेत नाही.